अवयवदान : डॉक्टरांनी काय करावे, आपण काय विचारावे

(वर्षावासातील व्याख्यानमालेत, लालबाग येथील विहारात दिलेल्या व्याख्यानाचे शब्दांकन)



वर्षावासात दरवर्षी या ठिकाणी धम्मावर अधिकारवाणीने बोलणारे वक्ते येतात. यंदा चिटणीसांनी आम्हालाच उभे केले. आम्ही डॉक्टर नव्हे. बी. ए. करून बँकेच्या काउंटरवर बसणारा कारकून. वैद्यकातले जे काही सांगू ते वाचून, विचारून आणि रुग्णालयांच्या पायऱ्या झिजवून जमवलेले आहे. सभागृहात रुग्णालयांत नोकरी करणाऱ्या परिचारिका भगिनी बसल्या आहेत. आमचे चुकले तर त्यांनी तिथल्या तिथे टोकावे.

विषय अवयवदानाचा आहे. हा विषय निघाला की देणाऱ्याच्या मोठ्या मनाची गोष्ट सांगतात, टाळ्या होतात, अर्ज भरले जातात. तेही हवेच. परंतु आज आम्ही देणाऱ्याविषयी कमी आणि रुग्णालयातल्या डॉक्टरविषयी जास्त बोलणार आहोत. त्याला एक प्रसंग कारण आहे. त्या प्रसंगात आमची स्वतःची चूक आहे, म्हणून आधी तोच सांगतो.

आमच्या चाळीत वरच्या मजल्यावर एक वहिनी राहतात. यजमान गिरणी कामगार. १९८२ च्या संपानंतर नोकरी गेली ती गेलीच, पुढे वॉचमन म्हणून उभे राहून त्यांनी मुलाला शिकवले. तो मुलगा चोविसाव्या वर्षी दुचाकीवरून घसरला. डोक्याला मार. तिसऱ्या दिवशी रात्री दोनच्या सुमारास, रुग्णालयाच्या व्हरांड्यात, एक तरुण निवासी डॉक्टर आला. दोन रात्री झोपला नसावा असा त्याचा चेहरा. उभ्या उभ्या म्हणाला, “पेशंट ब्रेन डेड आहे. अवयव द्यायचे आहेत का? सकाळपर्यंत सांगा.” आणि गेला. आत काचेतून पाहिले तर मुलाची छाती वरखाली होत होती. अंग गरम. वहिनींनी आमच्याकडे पाहिले, कारण चाळीत शिकलेले म्हणून आम्हीच सोबत गेलो होतो. म्हणाल्या, “भाऊजी, तुम्ही सांगा.”

आम्ही सांगितले, “नको, वहिनी. गरिबाच्या पोराचे सुटे भाग करतात हे लोक. कोणी पैसेवाला वाट बघत बसला असेल.”

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी हृदय थांबले. सगळे झाले. वर्ष गेले, आणि पहिल्या स्मृतिदिनाला वंदना झाल्यावर वहिनींनी विचारले, “भाऊजी, त्या रात्री तो गेला होता, की होता?” आमच्यापाशी उत्तर नव्हते. पदवी होती, पेपर वाचत होतो, सभेत बोलत होतो. पण ज्या गोष्टीवर आम्ही एका आईला सल्ला दिला ती गोष्ट आम्हाला ठाऊक नव्हती. तेव्हापासून आम्ही या विषयाच्या मागे लागलो. वहिनींच्या परवानगीनेच ही हकीगत इथे सांगत आहोत.

आता तो प्रश्न घेऊ. तो गेला होता की होता?

मेंदूच्या तळाशी देठासारखा भाग असतो. श्वास घेण्याची आज्ञा तिथून सुटते. डोक्याला मोठा मार लागला, मेंदूत रक्तस्राव झाला, की कवटीच्या आत सूज वाढते. कवटी काही पसरत नाही, त्यामुळे मेंदूकडे जाणारा रक्तप्रवाहच अखेर बंद पडतो. या देठाचे काम कायमचे थांबले म्हणजे माणूस स्वतःहून एकही श्वास घेऊ शकत नाही. छाती वरखाली होते ती व्हेंटिलेटर हवा भरतो म्हणून. हृदयाला मात्र स्वतःची गती असते. प्राणवायू मिळत राहिला तर ते काही तास, क्वचित काही दिवस चालते. म्हणून अंग गरम लागते. कायद्याने हा मृत्यूच आहे.

इथे पुष्कळांची गल्लत होते ती बेशुद्धीशी. परळ-लालबागच्या माणसाला तर ती सहज होणार, कारण आपण अरुणा शानबाग यांना ओळखतो. केईएममधल्या त्या परिचारिकेवर २७ नोव्हेंबर १९७३ रोजी अमानुष हल्ला झाला आणि १८ मे २०१५ रोजी त्या गेल्या. साडेएकेचाळीस वर्षे केईएमच्या परिचारिकांनी त्यांना सांभाळले, भरवले, कूस बदलली. मग लोक म्हणतात, अरुणाताई इतकी वर्षे जगल्या, तर आमच्या माणसाला तीन दिवसांत मेलेला कसे ठरवता? उत्तर असे, की अरुणाताई स्वतः श्वास घेत होत्या. त्यांच्या मेंदूच्या वरच्या भागाची हानी झाली होती, देठ जिवंत होता. त्या मेंदूमृत नव्हत्या. अशा माणसाचे अवयव कोणी मागू शकत नाही, तो गुन्हा होईल. मेंदूमृत्यू ही दुसरी अवस्था, तिथून परतीची वाट नाही. एवढा फरक जरी त्या रात्री कोणी आम्हाला पाच मिनिटे बसवून सांगितला असता तर!

आणि हा फरक ठरवायला डोळ्यांचा अंदाज चालत नाही. आधी कारण पक्के माहीत हवे. झोपेच्या औषधाने, विषाने किंवा अंग गार पडल्याने ही अवस्था आलेली नाही ना, हे पाहावे लागते. मग डोळ्यांत प्रकाश टाकून बाहुली आकुंचन पावते का, डोळ्याला स्पर्श केल्यावर पापणी हलते का, कानात गार पाणी सोडल्यावर डोळे फिरतात का, घशात नळी हलवल्यावर खोकला येतो का, हे तपासतात. शेवटी प्राणवायू चालू ठेवून व्हेंटिलेटर बाजूला काढतात आणि रक्तातला कर्बवायू वाढल्यावर तरी छाती स्वतःहून उठते का ते पाहतात. ही सर्व तपासणी दोनदा करायची, दोहोंमध्ये किमान सहा तास जाऊ द्यायचे. आणि सही एकाची नव्हे, चौघांची : रुग्णालयाचे वैद्यकीय प्रमुख, उपचार करणारे डॉक्टर, मान्यताप्राप्त यादीतले एक स्वतंत्र तज्ज्ञ आणि मेंदूविकारतज्ज्ञ किंवा मेंदूचे शल्यविशारद. ज्या डॉक्टरला अवयव बसवायचा आहे त्याला या चौघांत बसता येत नाही. आमच्या बँकेत ज्याने व्हाउचर लिहिले त्यानेच ते पास करायचे नसते, तसेच हे. हा नियम आम्हाला समजला तेव्हा आमचा निम्मा संशय गेला. उरलेल्या निम्म्याविषयी पुढे बोलू.

बंधुभगिनींनो, या विषयातले आपल्या देशातले पहिले पाऊल आपल्या उंबऱ्याशी पडले, हे आपल्या तरुणांना ठाऊक नसते. केईएम, म्हणजे राजे एडवर्ड स्मारक रुग्णालय, आणि शेठ गोवर्धनदास सुंदरदास वैद्यकीय महाविद्यालय १९२६ साली सुरू झाले ते एका बाण्याने. शेठजींच्या विश्वस्तांनी देणगी देताना अट घातली की इथे शिकवणारे डॉक्टर भारतीयच असतील. त्या काळी मोठ्या जागा गोऱ्यांसाठी राखीव असत. त्या केईएममध्ये मे १९६५ मध्ये मृत व्यक्तीचे मूत्रपिंड रुग्णाला बसवण्याचा देशातला पहिला प्रयत्न झाला. रुग्ण थोडेच दिवस जगला. आणि १६ फेब्रुवारी १९६८ रोजी डॉ. प्रफुल्लकुमार सेन यांनी तिथेच भारतातले पहिले हृदय प्रत्यारोपण केले. दक्षिण आफ्रिकेत डॉ. बर्नार्ड यांनी जगातले पहिले केले ते ३ डिसेंबर १९६७ ला. म्हणजे अडीच महिन्यांत! जगातली ही सहावी शस्त्रक्रिया होती. अमेरिका आणि दक्षिण आफ्रिका सोडली तर तोवर कोणीच तिथवर पोहोचले नव्हते. प्राण्यांवर वर्षानुवर्षे सराव करून डॉ. सेन यांनी तयारी केली होती. रुग्ण सुमारे तीन तास जगला. त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये दुसरा प्रयत्न झाला, तोही रुग्ण काही तासांतच गेला.

मग काय झाले? आपल्या शहरात हृदयाचे यशस्वी प्रत्यारोपण व्हायला ३ ऑगस्ट २०१५ उजाडावे लागले. पुण्यात मृत्यू पावलेल्या दात्याचे हृदय विमानाने आणून मुलुंडच्या एका खाजगी रुग्णालयात डॉ. अन्वय मुळे यांनी ते बसवले. केईएममध्ये पुन्हा हृदय बसवले गेले ते जुलै २०२४ मध्ये. छप्पन्न वर्षांनी. या छप्पन्न वर्षांत केईएमचे हात काही अडाणी झाले नव्हते. कारणे अनेक आहेत. शरीराने परका अवयव नाकारू नये यासाठीची चांगली औषधे १९८० नंतर आली. पण दुसरे कारण अधिक महत्त्वाचे आहे. फेब्रुवारी १९६८ मध्ये मेंदूमृत्यू म्हणजे मृत्यू, असे म्हणणारा कायदा कुठेच नव्हता. अमेरिकेतल्या हार्वर्ड विद्यापीठाच्या समितीने त्याची व्याख्या मांडली ती त्या ऑगस्टमध्ये. म्हणजे दाता मृत आहे हे कोणी ठरवायचे, कुटुंबाला कोणी विचारायचे, पोलिसांना कोणी कळवायचे, अवयव कोणाला द्यायचा, यातले काहीच ठरलेले नव्हते. शस्त्रक्रिया करणारा होता, तिच्या मागची व्यवस्था नव्हती. डॉ. सेन यांच्याविषयी आम्हाला आदर आहे. पण एकटा शल्यविशारद कितीही मोठा असला तरी तेवढ्याने कार्यक्रम उभा राहत नाही, हेच त्यातून दिसते.

व्यवस्था हळूहळू आली. मूत्रपिंडांचा बाजार त्या काळी देशभर मांडला होता, आणि त्यात मुंबईचे नाव ठळक होते. कर्जात बुडालेला माणूस मूत्रपिंड विकत होता, दलाल पैसे खात होते. आमच्या मनातली ‘सुटे भाग’ ही भीती तिथली आहे; ती आकाशातून पडलेली नाही. तो बाजार बंद व्हावा आणि मेंदूमृत्यूला मान्यता मिळावी म्हणून १९९४ साली मानवी अवयव प्रत्यारोपण कायदा झाला आणि ४ फेब्रुवारी १९९५ पासून महाराष्ट्रात लागू झाला.

कायदा आला म्हणून काम सुरू झाले असेही नाही. १९९७ साली शीवच्या लोकमान्य टिळक रुग्णालयात, म्हणजे आपल्या भाषेत सायन हॉस्पिटलात, मूत्रविकार विभागाच्या डॉ. वत्सला त्रिवेदी यांनी मेंदूमृत दात्याचे मूत्रपिंड बसवले. नव्या कायद्याखाली मुंबईत अशा कामाची सुरुवात तिथे झाली. विचार करा, पंचतारांकित रुग्णालये शहरात होती, पण पाऊल पडले ते महापालिकेच्या रुग्णालयात, जिथे खाटेखाली दुसरा रुग्ण झोपलेला असतो. सायन हे अपघातग्रस्तांचे मोठे केंद्र. डोक्याला मार लागलेली माणसे तिथे रोज येतात. मूत्रपिंड बसवणारे डॉक्टर एका मजल्यावर आणि मेंदूमृत रुग्ण दुसऱ्या मजल्यावर, अशी स्थिती पुष्कळ रुग्णालयांत असते. मधला जिना कोणी चढायचा, हा खरा प्रश्न आहे. तो जिना चढणारा डॉक्टर सायनला होता. पुढे २००० च्या सुमारास मुंबईसाठी विभागीय प्रत्यारोपण समन्वय केंद्र उभे राहिले, त्याच्या उभारणीतही त्रिवेदीबाईंचा मोठा वाटा होता, आणि त्याचे कार्यालय सायन रुग्णालयाच्याच आवारात आहे. कोणत्या रुग्णाचा क्रमांक कितवा, रक्तगट कोणता, किती दिवस डायलिसिसवर, हे सारे तिथल्या यादीत असते. दाता मिळाला की यादी उघडते.

तरीही आकडा पाहा. २०१९ साली मुंबई विभागात ७९ कुटुंबांनी असे दान केले आणि तो तोवरचा उच्चांक होता. पुढच्या वर्षी कोविडमध्ये तो ३० वर आला. एवढे हे शहर, रोजचे एवढे अपघात, मूत्रपिंडासाठी हजारोंची प्रतीक्षायादी. मग लोक द्यायला तयार नाहीत असे म्हणायचे का? आमचे मत तसे नाही. पुष्कळदा कोणी विचारतच नाही, आणि विचारले तर आमच्या व्हरांड्यात विचारले तसे.

यावर स्पेन देशाचा दाखला घेण्याजोगा आहे. १९८९ साली तिथे दर दहा लाख लोकसंख्येमागे साधारण चौदा मृत दाते होते. मूत्रपिंडविकारतज्ज्ञ डॉ. राफाएल मातेसान्झ यांच्याकडे राष्ट्रीय संघटनेचे काम आले. त्यांनी जाहिरातींवर भर दिला नाही. प्रत्येक रुग्णालयात एक डॉक्टर, शक्यतो अतिदक्षता विभागातलाच, या कामासाठी नेमला. आपल्या विभागात मेंदूमृत्यूच्या वाटेवर असलेला रुग्ण कोण, हे ओळखणे, तपासण्या वेळेवर होतात की नाही पाहणे, कुटुंबाशी बोलणे, आणि एखादा संभाव्य दाता निसटला तर का निसटला याची नोंद ठेवणे, हे त्याचे काम. कुटुंबाशी कसे बोलावे याचे रीतसर शिक्षण दिले. आज त्या देशात दर दहा लाखांमागे चाळीसहून अधिक दाते आहेत. आपल्या देशात अजून एकही भरत नाही. स्पेनची माणसे आपल्यापेक्षा चाळीस पट दयाळू आहेत काय? तसे कोणी म्हणणार नाही. मातेसान्झ यांनी मुख्यतः रुग्णालयाच्या आतली रीत बदलली.

आपल्याकडेही कायद्यात ही दिशा आली आहे. २०११ च्या दुरुस्तीने अतिदक्षता विभागातल्या डॉक्टरने समन्वयकाच्या साहाय्याने कुटुंबाला विचारणे हे कर्तव्य ठरवले. प्रत्यारोपणाची सोय नसलेल्या रुग्णालयालाही नोंदणी करून निदान अवयव काढण्याची परवानगी मिळते. महाराष्ट्र शासनाने तर २०१२ साली मेंदूमृत्यू घोषित करून कळवणे बंधनकारक केले. पण कागदावरचे बंधन आणि रात्री दोन वाजताचा व्हरांडा यात अंतर आहे. डॉक्टरही माणूस आहे. त्याला भीती असते की नातेवाईक अंगावर येतील. कुटुंब नाही म्हणाले तर पुढे यंत्राचे काय करायचे, ही धास्ती असते. चार सह्या, दोन तपासण्या, पोलीस, शवविच्छेदन, एवढा व्याप. आणि त्याच वेळी शेजारच्या खाटेवर वाचू शकणारा रुग्ण. मग सोपी वाट कोणती? काही न बोलणे. हृदय आपोआप थांबते. कोणी विचारत नाही, कोणावर आळ येत नाही. म्हणून वरिष्ठ डॉक्टरने स्वतः पुढे व्हावे लागते. त्याने ते निवासी डॉक्टरच्या अंगावर टाकले, की आमच्या मुलाच्या वेळी झाले तसे होते. त्या पोरसवदा डॉक्टरवर आम्ही कित्येक दिवस राग धरला होता. आता वाटते, त्यालाही कोणी शिकवले नव्हते.

आता थोडे धम्माकडे वळतो, नाहीतर भन्तेजी म्हणतील की वर्षावासात हा कुठे भरकटला!

दान ही दहा पारमितांतली पहिली. थेरवाद परंपरेत तिच्या तीन पायऱ्या सांगतात : धनधान्य, वस्तू देणे ही दान पारमी, शरीराचा अवयव देणे ही उपपारमी, आणि प्राण देणे ही परमत्थ पारमी. जातककथांत शिवी राजाची कथा आहे. एक आंधळा ब्राह्मण राजाकडे डोळे मागायला येतो. (हसू नका. मागणारा ब्राह्मण आहे, देणारा क्षत्रिय आहे, आणि तो ब्राह्मण वेषांतर केलेला शक्र आहे, असे कथेतच आहे.) आम्हाला राजापेक्षा त्या कथेतला वैद्य जास्त आवडतो. त्याचे नाव शीवक. राजाचा डोळा काढण्याचे काम त्याच्यावर येते. तो एकदम शस्त्र चालवत नाही. औषधाचा थोडा भाग लावतो आणि थांबून म्हणतो, महाराज, विचार करा, अजून मी डोळा पूर्ववत करू शकतो. पुन्हा लावतो, पुन्हा थांबतो, पुन्हा तेच विचारतो. राजा शांतपणे पुढे जा म्हणतो तेव्हाच तो पुढे जातो. आजच्या भाषेत याला संमती घेणे म्हणतात. दोन हजार वर्षांपूर्वीच्या कथाकाराला हे सुचले की दान देणाऱ्यापुढे थांबून, वेळ देऊन विचारणारा वैद्य हवा.

ही कथा श्रीलंकेत नुसती कथा राहिली नाही. हडसन सिल्वा नावाच्या तरुणाने १९५८ साली, वैद्यकीय शिक्षण घेत असताना, नेत्रदानाचे आवाहन करणारा लेख वर्तमानपत्रात लिहिला. स्वतःची आई वारल्यावर तिचे डोळे त्याने एका गरीब शेतकऱ्यासाठी दिले. १९६१ साली संस्था काढली. सुरुवातीला डोळे घरच्या फ्रिजमध्ये ठेवले जात. भिक्खूंनी उपदेशातून साथ दिली. १९६४ साली श्रीलंकेतून सिंगापूरला डोळे गेले, आणि पुढे कितीतरी देशांना. पाकिस्तानला तर हजारोंनी. एक डॉक्टर, त्याची पत्नी आणि विहारांचे जाळे. आपल्यापाशी विहार आहेत.

कोणी म्हणेल, शरीर अपुरे गेले तर पुढच्या जन्मी आंधळा जन्म येतो. हे वाक्य आम्ही बौद्ध म्हणवणाऱ्या घरांत ऐकले आहे, म्हणून सांगतो. बाबासाहेबांनी ‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’ या ग्रंथात आत्म्याची कल्पना बुद्धांनी नाकारली हे सविस्तर मांडले आहे. आत्माच नाही तर तो कोणत्या देहात आंधळा होऊन जाणार? १९५६ ला नागपूरला जे सोडले ते चोरपावलांनी परत येऊ नये. मात्र ज्या आईचा मुलगा समोर आहे तिला हा वाद ऐकवू नये. तिच्याजवळ बसावे, पाणी द्यावे.

आता तो उरलेला निम्मा संशय. गरिबाचा अवयव श्रीमंताला जातो का? आम्ही हा प्रश्न समन्वय केंद्राच्या माहितगारांनाही विचारला आहे. यादीत जात, धर्म, पैसा यांचा रकाना नाही, हे खरे. क्रम रक्तगट, प्रतीक्षा, प्रकृती यांवर ठरतो, हेही खरे. दात्याच्या रुग्णालयात प्रत्यारोपणाची सोय असेल तर एक मूत्रपिंड तिथल्या रुग्णाला आणि दुसरे शहराच्या यादीत जाते. म्हणजे केईएम-सायनसारख्या ठिकाणी दान झाले तर एक मूत्रपिंड बहुधा आपल्यासारख्याच कोणाला लागते. पण यादीत नाव येण्यासाठीच आधी तपासण्या, नंतर शस्त्रक्रिया, आणि मग जन्मभराची औषधे परवडायला हवीत. मूत्रपिंडासाठी महात्मा फुले जनआरोग्य योजना आहे, पालिकेची रुग्णालये आहेत. हृदय आणि यकृत मात्र बहुतांशी खाजगीत, आणि तिथला खर्च लाखांत. तेव्हा रांग न्यायाची असली तरी टोकन घ्यायला सगळ्यांना जमते असे नाही. हे आम्ही झाकून ठेवणार नाही. परंतु याचे उत्तर दान न करणे हे आहे का? आमच्या मते, दान करणाऱ्या वस्तीचा आवाज वाढतो. आमची माणसे देतात, मग आमच्या रुग्णालयांत सोय वाढवा, हे मागण्याचा हक्क तिथून येतो. केईएममध्ये हृदय पुन्हा बसले याचे आम्हाला अप्रूप वाटते ते त्यासाठीच.

तेव्हा व्यवहाराचे बोलू. आपल्यावर अशी वेळ आली तर व्हरांड्यात उत्तर देऊ नका. वरिष्ठ डॉक्टरांना भेटायचे आहे, बसून बोलायचे आहे, असे सांगा. पहिली तपासणी कधी झाली, दुसरी कधी, कोणी केली, हे विचारा. श्वासाची तपासणी कशी करतात ते समजावून मागा. समन्वयक कोण आहे ते विचारा. संमती दिल्यानंतर अवयव काढेपर्यंतचा खर्च कुटुंबावर येता कामा नये. बिलात आला तर विचारा. अपघाताची केस असली तरी पोलीस आणि शवविच्छेदन यांची सांगड घालून दान होते. पार्थिव नीट शिवून, अंत्यविधीसाठी परत मिळते. आणि कोणी विचारले नाही, तर आपण विचारा. हे फार अवघड आहे, ठाऊक आहे. पण कुटुंबाने विचारले की डॉक्टरची भीती जाते, असे आम्हाला एका अतिदक्षता विभागातल्या परिचारिकेने सांगितले.

अर्जाविषयी एक गोष्ट. आधार क्रमांक वापरून राष्ट्रीय संस्थेच्या संकेतस्थळावर प्रतिज्ञा नोंदवता येते, आमची पोरे दोन मिनिटांत करून देतील. पण प्रत्यक्ष वेळी जवळच्या नातेवाइकांची संमती लागतेच. घरी न सांगता भरलेला अर्ज कपाटातच राहतो. बँकेत आम्ही पाहतो, नवऱ्याची ठेव किती आणि कुठे हे बायकोला तो गेल्यावर कळते. तसे करू नका.

मृत्यू घरी झाला तर हृदय, मूत्रपिंड देता येत नाही, पण डोळे देता येतात. सहा तासांच्या आत. पापण्या मिटून त्यावर ओला कापूस ठेवायचा, डोके उशीवर थोडे उंच, पंखा बंद, आणि नेत्रपेढीला फोन. त्यांची माणसे घरी येतात, चेहरा विद्रूप होत नाही.

गेल्या वर्षी वहिनींचे यजमान घरीच गेले. पहाटे. आम्ही वर पोहोचलो तेव्हा पंखा बंद होता, डोळ्यांवर कापूस होता आणि वहिनी फोनवर पत्ता सांगत होत्या : भारतमाता सिनेमावरून आत, डावीकडची तिसरी चाळ. आम्हाला पाहून म्हणाल्या, “भाऊजी, खाली उभे राहा, त्यांना जिना सापडायचा नाही.”

कार्यक्रमानंतर चहा आहे. दरवाज्याजवळच्या टेबलावर माहितीपत्रके आणि नेत्रदानाचे अर्ज ठेवले आहेत, आणि तिथे वहिनीच बसल्या आहेत. पुढच्या महिन्यातल्या पौर्णिमेला पालिकेच्या रुग्णालयातल्या एका अतिदक्षता तज्ज्ञांनी विहारात येण्याचे कबूल केले आहे. ज्यांना आमच्या बोलण्यावर शंका आहेत त्यांनी त्या लिहून ठेवाव्यात आणि त्या दिवशी घरच्या माणसांना सोबत आणावे.

नमो बुद्धाय. जयभीम.